स्पॅनिश : ए१ वरून ए२ कडे

युरोपीय परिषदेच्या भाषाचौकटीत ए१ ते सी२ अशा सहा पातळ्या आहेत. ए१ म्हणजे ओळख करून देणे, वेळ विचारणे, वर्तमानकाळात साधी वाक्ये बोलणे. ए२ ला रोजचे व्यवहार आणि घडून गेलेल्या गोष्टी सांगता याव्या लागतात.

या टप्प्यातला सगळ्यात अवघड भाग भूतकाळाचा. ‘आयेर योबिओ’ म्हणजे काल पाऊस पडला. ‘योबिआ क्वान्दो साली’ म्हणजे निघालो तेव्हा पाऊस पडत होता. पूर्ण झालेली घटना आणि चालू असलेली पार्श्वभूमी यांची रूपे वेगळी. शिवाय अनियमित क्रियापदे पाठच करावी लागतात. ‘फुई’ हे एकच रूप ‘मी होतो’ आणि ‘मी गेलो’ या दोन्ही अर्थांनी येते. संदर्भावरून अर्थ लावायचा.

काही रचना मराठी भाषकांना सोप्या जातात. ‘मे गुस्ता एल काफे’ म्हणजे मला कॉफी आवडते. ‘मे गुस्तान लोस लिब्रोस’ म्हणजे मला पुस्तके आवडतात. क्रियापद दोन्हीकडे आवडणाऱ्या वस्तूप्रमाणे बदलते. ‘वेओ ला कासा’ (घर पाहतो) आणि ‘वेओ आ मारीआ’ (मारीआला पाहतो) यांतला ‘आ’ बराचसा ‘ला’ प्रत्ययासारखा चालतो.

सर्वांतेस संस्थेच्या डेले ए२ परीक्षेत वाचन-लेखन आणि श्रवण-संभाषण असे ५० गुणांचे दोन गट असतात. उत्तीर्ण होण्यासाठी प्रत्येक गटात किमान ३० गुण लागतात, त्यामुळे नुसत्या व्याकरणावर भागत नाही; ऐकण्या-बोलण्याचा सरावही तितकाच हवा.