तासाचे क्रिकेट

पर्वत पाटिया हे नाव पुण्या-मुंबईच्या वाचकास अपरिचित वाटेल. खानदेशातील कित्येक घरांत मात्र ते पत्रावरच्या पत्त्याइतके ओळखीचे आहे. पाटिया म्हणजे गुजरातीत हमरस्त्यावरून गावाकडे वळावयाची जागा. सुरतेच्या पूर्वेकडील हे पर्वत गाव शहराने केव्हाच पोटात घेतले. जळगाव, धुळे, नंदुरबारकडची माणसे यंत्रमागांवर आणि रंगाई-छपाईच्या गिरण्यांत कामास आली, ती शहराच्या याच बाजूस, लिंबायत, उधना, डिंडोलीपर्यंत वस्ती करून राहिली. त्यांच्या मुलांसाठी सुरत महानगरपालिकेची नगर प्राथमिक शिक्षण समिती मराठी माध्यमाच्या शाळा चालविते. या मुलांना क्रिकेटचे वेड लावावे लागत नाही. प्रश्न एवढाच, की शारीरिक शिक्षणाच्या तासाला ते सर्वांना शिकवावे कसे?

नेहमीचा प्रकार सर्वांच्या परिचयाचा आहे. वर्गात अठ्ठेचाळीस मुले असतात. दोन पुढारी आपापला संघ निवडतात, ज्याची बॅट तो आधी खेळतो, आणि मुलींना व स्थूल मुलांना कुंपणाजवळ उभे केले जाते. अर्ध्या तासात फार तर आठ षटके होतात, म्हणजे अठ्ठेचाळीस चेंडू. त्यांतले बहुतेक तीन-चार मुलेच खेळतात. बाकीच्यांच्या वाट्यास ऊन येते.

यात दोष मुलांचा नाही. मूळ खेळाची घडणच तशी आहे. फेब्रुवारी १९८८ मध्ये मुंबईच्या आझाद मैदानावर शारदाश्रमच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी हॅरिस शील्डच्या सामन्यात ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली. त्या पराक्रमाचे कौतुक करावे तेवढे थोडे. परंतु त्यांच्या संघाने दोन गडी गमावून ७४८ धावा केल्या, म्हणजे अकरांपैकी सात मुलांना त्या डावात बॅट धरावयासच मिळाली नाही. सामन्यात हे योग्यच. तिथे जिंकावयाचे असते. शाळेच्या तासाचा हिशेब निराळा असतो.

तो हिशेब जमविण्याची एक रीत म्हणजे जोडीचे क्रिकेट. इंग्लंडमध्ये १९८८ साली लहान मुलांसाठी प्लॅस्टिकच्या बॅटीचे 'क्विक क्रिकेट' सुरू झाले, त्यात ही रीत रुळली. तिचे आपल्या अंगणापुरते रूप असे करता येते. आठ-आठ मुलांचे गट करावे आणि प्रत्येक गटात चार जोड्या पाडाव्या. एक जोडी दोन षटके खेळते, उरलेली सहाजणे गोलंदाजी आणि क्षेत्ररक्षण करतात. मग पाळी बदलते. आठ षटकांत प्रत्येकाच्या वाट्यास एक षटक गोलंदाजी येते. खेळाडू बाद झाला तरी बाहेर जात नाही. जोडीच्या पाच धावा वजा होतात आणि दोघे टोके बदलतात. या एका नियमाने सारे पालटते. ज्याला सर्वांत जास्त शिकावयाचे आहे तोच मूळ खेळात सर्वांत आधी बाहेर बसतो. येथे तो मैदानावर राहतो, आणि बाद होण्याची किंमत मात्र त्याला कळते.

बावीस यार्डांची खेळपट्टी दहा वर्षांच्या मुलास फार लांब पडते, पंधरा-सोळा पुरेत. कातडी चेंडूचे वजन दीडशे ग्रॅमच्या वर असते, टेनिसच्या चेंडूचे साठाच्या आत. तेव्हा टेनिसचाच चेंडू घ्यावा. यष्टी अंगणाच्या मध्याजवळ रोवाव्या आणि फलंदाजांची तोंडे बाहेरच्या बाजूस असावी, म्हणजे एका गटाचा फटका दुसऱ्याच्या पाठीत बसत नाही. जागा अपुरी असेल तर निम्म्या गटांनी खेळावे, निम्म्यांनी फेकीचा व झेलाचा सराव करावा, आणि अर्ध्या वेळाने अदलाबदल करावी. अगदी लहानांना येणारा चेंडू टोलवणे जमत नाही. त्यांच्यासाठी तो विटेवर ठेवावा. विटीदांडूत, ज्याला गुजरातीत मोई-दांडिया म्हणतात, विटी खेळणाराच उडवितो. तोही सोपेपणाचाच प्रकार आहे.

हे क्रिकेटच नव्हे, असा आक्षेप येईल. तो चांगल्या खेळणाऱ्यांकडून अधिक येईल, कारण त्यांची मक्तेदारी जाते! परंतु फटका मारून झाल्यावर धावावे की थांबावे, जोडीदारास हाक केव्हा द्यावी, मोकळी जागा कोठे आहे, हे निर्णय येथे प्रत्येकास करावे लागतात. लफबरोच्या डेव्हिड बंकर आणि रॉड थॉर्प यांनी १९८२ साली हाच मुद्दा मांडला होता: मुलांना आधी खेळ उमजू द्यावा, तंत्राची गरज त्यांना त्यातूनच भासू लागते. कोपर वर का ठेवावयाचे हे चार वेळा झेल दिलेल्या मुलास सांगावे, तो ऐकतो. आरंभीच सांगितले तर तो खिडकीबाहेर पाहत असतो.

चांगल्या खेळणाऱ्यांसाठीही काम आहे. त्यांनी डाव्या हाताने खेळावे, किंवा चेंडू जमिनीलगत मारला तरच धाव मोजावी. आणि जोड्या पाडताना शिक्षकाने त्यांना एकमेकांबरोबर देऊ नये. मागाच्या पाळीवरून येणाऱ्या बापाला मुलास क्रिकेटच्या शिकवणीस घालणे परवडत नाही. मुलीला तर गल्लीतल्या खेळातही जागा नसते. शाळेचे हेच अंगण आणि आठवड्याचे हे एक-दोन तास, एवढाच त्यांचा क्लब. तिथे गोलंदाजीचे षटक तिला मागावे लागत नाही. पाळीने तिच्याकडे येते.