वस्तरा की मशीन? सलूनवाल्यांनी हिशेबाने ठरवावे

सलूनचा धंदा करणाऱ्या आमच्या अनेक बंधूंना आज प्रश्न पडतो की, दाढीसाठी वस्तराच चालवावा की विजेचे मशीन घ्यावे? हा वाद नवा नाही. अमेरिकेत किंग कॅम्प जिलेट यांनी बदलता येणारे पाते १९०३ साली विक्रीस आणले आणि जेकब शिक यांचे विजेचे दाढीयंत्र १९३१ साली बाजारात आले. तरीही एकाने दुसऱ्याला हटवले नाही. कारण दोघांचे काम वेगळे आहे.

कोमट पाणी व साबण दोन-तीन मिनिटे मुरला की केस मऊ होतो आणि पाते त्याला अगदी कातडीलगत कापते. अशी गुळगुळीत दाढी मशीनने सहसा होत नाही. शेव्हरमध्ये पाते जाळीच्या आत फिरते, त्यामुळे केसाचा अंश राहतो. मात्र कापण्याची भीती कमी. त्याला सहसा चेहरा कोरडा लागतो व केस वाढलेले असल्यास आधी ट्रिमर फिरवावा लागतो.

म्हणून गिऱ्हाईक पाहून हत्यार उचलावे. सफाचट दाढी हवी असेल तर वस्तरा. ज्याचे केस कुरळे आहेत आणि दाढीनंतर मानेवर पुटकुळ्या येतात, त्याला उलटा वस्तरा मारू नये. अशा माणसाचा फार खोल कापलेला केस आत वळून कातडीत शिरतो. त्याला मशीन बरे. दाढी राखणाऱ्यांसाठी ट्रिमर, कारण कंगवा लावून लांबी सारखी ठेवता येते. गालाची व मानेची रेघ मात्र वस्तऱ्यानेच उठून दिसते.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. कावीळ ‘ब’चा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस जिवंत राहू शकतो. रक्ताचा थेंब डोळ्यांना दिसला नाही तरी धोका असतोच. म्हणून प्रत्येक गिऱ्हाइकासमोर नवे अर्धे पाते घालावे. जुने पाते उघड्या कचऱ्यात न टाकता डब्यात जमवावे, म्हणजे सफाई कामगाराचा हात कापणार नाही. तुरटीचा एकच खडा सर्वांच्या गालावर फिरवू नये. मशीन सुरक्षित, असे समजून गाफील राहू नये. दर गिऱ्हाइकानंतर ते बंद करून केस झाडावेत, पाती ७० टक्के स्पिरिटने पुसावीत आणि मग तेलाचा थेंब द्यावा. शेव्हरची जाळी आतून साफ करणे कठीण. ते एकट्याने घरी वापरण्यास अधिक योग्य.

ज्यांचे भांडवल थोडे आहे त्यांनी वस्तरा ठेवून आधी एक चांगला ट्रिमर घ्यावा, शेव्हर नंतर. आमचे सांगणे इतकेच की, काटकसर मशीनच्या किमतीत करा, अर्ध्या पात्यात करू नका. गिऱ्हाईक आपला गळा आपल्या हाती देतो. त्या विश्वासावरच दुकान चालते.