डिकन्सचे साप्ताहिक आणि गॅस्केलबाईंची मुद्रिते

चार्ल्स डिकन्सच्या कादंबऱ्यांतील स्त्रीपात्रांविषयी समीक्षकांनी विपुल लिहिले. मात्र संपादक या नात्याने ज्या लेखिकांशी त्याचा नित्याचा व्यवहार होता, त्यांच्याकडे अभ्यासकांचे लक्ष बरेच उशिरा गेले. याचे एक कारण त्याच्या साप्ताहिकाच्या रिवाजातच होते. ३० मार्च १८५० पासून निघू लागलेल्या, दोन पेनी किमतीच्या ‘हाउसहोल्ड वर्ड्स’मध्ये लेखकांची नावे छापली जात नसत आणि पानांच्या माथ्यावर संचालक म्हणून एकट्या डिकन्सचे नाव झळके. कोणता मजकूर कोणाचा आणि त्याचे मानधन किती, याची नोंद सहसंपादक विल्यम हेन्री विल्सच्या कार्यालयीन वहीत होई. सुदैवाने ही वही टिकली, प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संग्रहात पोहोचली, आणि अ‍ॅन लोर्ली यांनी तिच्या आधारे १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सूचीमुळे अनेक लेखिकांना त्यांचे लेखन नावानिशी परत मिळाले.

या लेखिकांत अग्रस्थान एलिझाबेथ गॅस्केल यांचे. मँचेस्टरच्या गिरणी कामगारांवरील ‘मेरी बार्टन’ (१८४८) वाचून प्रभावित झालेल्या डिकन्सने साप्ताहिक निघण्यापूर्वीच त्यांना आर्जवी निमंत्रण धाडले आणि त्यांच्या ‘लिझी ली’ या कथेचा पहिला भाग पहिल्याच अंकात छापला. कथेचे वीस पौंड हाती आले तेव्हा खुद्द लेखिकेला एवढ्या रकमेचे नवल वाटले. ती त्यांच्या पतीच्या खिशात गेली, आणि विवाहित स्त्रीची कमाई कायद्याने पतीची मानली जाण्याच्या त्या काळात यात कोणाला वावगे वाटण्याचे कारणही नव्हते. डिकन्स त्यांना पत्रांतून ‘शहरजाद’ म्हणे. या संबोधनात कौतुक होते खरे, पण अरबी कथांतली शहरजाद सुलतानाच्या मर्जीसाठी गोष्टी सांगते, हे पाहता सुलतानाची जागा डिकन्सने स्वतःकडे ठेवली होती, असे म्हणावे लागते.

ठिणगी पडली ती ‘क्रॅनफर्ड’च्या पहिल्या हप्त्यावरून. डिसेंबर १८५१ मध्ये छापल्या गेलेल्या या हप्त्यात डिकन्सच्या ‘पिकविक पेपर्स’चा भक्त असलेला कॅप्टन ब्राउन त्याच पुस्तकाचा नवा भाग वाचण्यात गढलेला असताना, रुळांवर आलेल्या एका मुलाला वाचवताना आगगाडीखाली सापडतो. आपल्याच साप्ताहिकात आपलीच स्तुती शोभणार नाही, म्हणून डिकन्सने ‘पिकविक’ काढून तेथे टॉमस हूड या कवीचे नाव घातले. गॅस्केलबाईंनी हरकत घेतली, पण ती पोहोचेपर्यंत अंक छापून झाला होता. संपादकाचा संकोच समजण्याजोगा असला, तरी ब्राउन आणि अठराव्या शतकातल्या सॅम्युअल जॉन्सनची भक्त मिस जेंकिन्स यांच्या वादातली सारी गंमत जुन्या-नव्या गद्याच्या तुलनेवर उभी होती, आणि कवी हूडच्या आगमनाने ती विरून गेली. १८५३ मध्ये पुस्तक निघाले तेव्हा बाईंनी ‘पिकविक’ मूळ जागी बसवले. दरम्यान १८५२ च्या नाताळ अंकातील ‘द ओल्ड नर्सेस स्टोरी’ या भूतकथेतही, भुते फक्त लहान मुलीलाच दिसावीत ही डिकन्सची सूचना त्यांनी मानली नव्हती.

खरा संघर्ष पेटला तो ‘नॉर्थ अँड साउथ’च्या वेळी. डिकन्सच्या ‘हार्ड टाइम्स’पाठोपाठ सप्टेंबर १८५४ पासून ही कादंबरी क्रमशः येऊ लागली, ‘मार्गारेट हेल’ऐवजी हे नाव घ्यावे, ही सूचनाही त्याचीच. धर्मशंकेमुळे पाद्रीपद सोडणाऱ्या मिस्टर हेलचा भाग आटोपशीर करावा, असे त्याने सुचवले होते. मुद्रिते, म्हणजे छपाईपूर्वी तपासण्यासाठी पाठवलेली पाने, परतली ती फारशी न बदलता. मजकुराच्या लांबीचा छापखान्याचा अंदाज चुकला, अंकाचा खप उतरला, आणि डिकन्सने विल्सला लिहिलेल्या पत्रात ही कथा कमालीची कंटाळवाणी ठरवली. पुढे १८५५ मध्ये आणखी एका कथेवरून चिडून, आपण मिस्टर गॅस्केल असतो तर या बाईंना मारले असते, अशा अर्थाचे उद्गार त्याने विल्सपाशीच काढले. ते विनोदाने लिहिले असले, तरी मतभेद करणाऱ्या लेखिकेकडे पाहण्याची त्याची दृष्टी त्यांतून लपत नाही.

साप्ताहिकाला प्रत्येक हप्त्यात उत्कंठा लागते, हा डिकन्सचा हिशेब चुकीचा नव्हता. परंतु नायिका मार्गारेट आणि गिरणीमालक थॉर्नटन यांची मने गॅस्केलबाई ज्या संथपणे उलगडतात, तो संथपणा हा दोष नसून त्यांच्या कलेचा प्राणच होता, हे त्याच्यासारख्या चाणाक्ष वाचकाने ओळखायला हवे होते. जॉर्ज एलियट या टोपणनावामागे स्त्री असावी, असा तर्क १८५८ मध्ये केवळ लेखनावरून करणाऱ्या माणसाजवळ ही नजर निश्चितच होती.

पुस्तकरूप देताना गॅस्केलबाईंनी साप्ताहिकाच्या बंधनांमुळे शेवट घाईत उरकावा लागल्याचे प्रस्तावनेतच नमूद केले आणि मजकूर वाढवला. त्यांनी डिकन्सशी व्यवहार तोडला नाही, त्याच्या ‘ऑल द इयर राउंड’ या पुढच्या साप्ताहिकासाठीही लिहिले; पण ‘वाइव्ह्ज अँड डॉटर्स’ ही अखेरची, अपुरी राहिलेली मोठी कादंबरी १८६४ पासून ‘कॉर्नहिल’ या मासिकात प्रसिद्ध झाली, जेथे दोन हप्त्यांमध्ये आठवड्याऐवजी महिन्याचे अंतर होते. स्त्रियांना व्यासपीठ आणि मानधन देणारा संपादक म्हणून डिकन्सचे श्रेय मोठेच आहे. मात्र त्या व्यासपीठावर आपल्याच चालीने चालण्याचा हक्क गॅस्केलबाईंना त्याच्याकडून मिळाला नाही, तो त्यांनी एकेका मुद्रितावर भांडून घेतला.