बांधणीतली बोट आणि तिचा खलाशी

शिडाची मोठी बोट बांधायला टाकली की ती पाण्यात उतरेपर्यंत वर्ष-दीड वर्ष सहज जाते. या काळात तिचा मालक यार्डात फेऱ्या मारतो, त्यामागे केवळ हौस नसते. तयार बोटीत दिसतात ते रंग, फळ्या आणि बिछाने. तिला वादळात एकसंध ठेवणारे सांधे त्यांच्या आत दडलेले असतात, आणि ते उघडे दिसतात फक्त बांधणी चालू असताना. एकट्याने समुद्र ओलांडणाऱ्याच्या दृष्टीने तर या फेऱ्या म्हणजे प्रवासाच्या तयारीचा निम्मा भाग.

याचे एक जुने उदाहरण मुंबईचे आहे. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा इंग्रज दर्यावर्दी व्यापारी जहाजावर नोकरीला असताना त्याची ‘सुहेली’ ही 32 फुटी सागवानी बोट कुलाब्यात बांधली गेली. वाकस आणि दोरीने फिरवायचा सामता अशी हाताची हत्यारे तिच्या सुतारांनी वापरली. 14 जून 1968 रोजी इंग्लंडमधल्या फॅल्मथ बंदरातून निघून 22 एप्रिल 1969 रोजी नॉक्स-जॉन्स्टन तिथेच परतला, आणि एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस ठरला. वाटेत अटलांटिकमध्ये बोट गळू लागली, तेव्हा त्याने पाण्याखाली बुडी मारून फळ्यांच्या फटीत कापूस ठासला आणि वरून तांब्याची पट्टी ठोकली. कोणती फळी कुठे जोडली आहे हे ठाऊक असलेल्या माणसालाच हे जमते.

भारतीय खलाशाची तशी बोट व्हायला आणखी चार दशके जावी लागली. निवृत्त व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांचा आग्रह होता, की भारतीयाने भारतात बांधलेल्या बोटीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी. नौदलाच्या या ‘सागर परिक्रमा’ मोहिमेसाठी 2006 मध्ये कमांडर दिलीप दोंदे पुढे आले. नॉक्स-जॉन्स्टन तेव्हा एका शर्यतीच्या तयारीत होते. दोंदे त्यांच्या बोटीवर काम करायला गेले आणि बोट आतून कशी असते ते तिथे शिकले. बांधणीचे काम गोव्यातल्या दिवाडी बेटावरच्या रत्नाकर दांडेकर यांच्या अ‍ॅक्वेरियस यार्डाकडे आले. मांडवीच्या पात्रातल्या या बेटावर फेरीबोटीने जावे लागते. समुद्रपार जाणारी अशी शिडाची बोट या यार्डाने आधी बांधलेली नव्हती. आराखडा नेदरलँड्समधल्या ‘व्हान द स्टाट’ या संस्थेचा, ‘टोंगा 56’ नावाचा. दोंदे केवळ पाहणीला येणारे पाहुणे राहिले नाहीत, बांधणीत ते पहिल्यापासून गुंतले होते. यार्डाचा आरंभीचा अननुभव आणि खलाशाची सततची हजेरी या दोन गोष्टी एकत्र आल्या, हे या बोटीचे भाग्यच म्हणायचे.

‘म्हादेई’ असे नाव मिळालेल्या या बोटीची काया (हल) लाकडाचा गाभा आणि त्यावर फायबरग्लास अशी आहे. या पद्धतीत बोट बहुधा उलटी बांधतात. आराखड्यातल्या आडव्या छेदांप्रमाणे लाकडी साचे ठरावीक अंतराने उभे करतात, त्यांवर हलक्या लाकडाच्या अरुंद पट्ट्या एकीला एक चिकटवत नेतात, घासून वळण गुळगुळीत करतात आणि मग काचतंतूंचे कापड रेझिनमध्ये भिजवून थरावर थर चढवतात. बाहेरची बाजू झाली की सांगाडा पालथ्याचा सुलटा करतात. यार्डातला हा सगळ्यात धाकधुकीचा दिवस. त्यानंतर आतून थर देतात. दोन कडक कातड्यांमध्ये हलका गाभा अशी रचना वजनाच्या मानाने फार ताठ असते. मात्र गाभा आणि कातडे एकमेकांना घट्ट चिकटलेले असेपर्यंतच ती ताठ राहते.

म्हणून पाहणाऱ्याचे लक्ष चिकटण्याकडे हवे. ओल्या कापडावरून रोलर फिरवताना हवेचे बुडबुडे निघाले नाहीत, तर थरात पांढुरके ठिपके राहतात. थर सुकल्यावर पृष्ठभागावर छोट्या हातोडीने हलके ठोकत जायचे. भरीव जागी टणक आवाज येतो, पोकळ जागी बद्द. हवेतल्या दमटपणाचाही हिशेब ठेवावा लागतो, कारण ओलाव्यात इपॉक्सीवर मेणचट साय धरते. ती धुऊन, घासून न काढता पुढचा थर दिला तर तो पुढे कधीतरी सुटतो. कोकण-गोव्याच्या पावसाळ्यात हे फार सांभाळावे लागते. आतल्या आडव्या भिंती कायेला जिथे मिळतात तिथल्या कोपऱ्यांत पट्ट्या नीट बसल्या आहेत का, डोलकाठीचे ताण ज्या धातूच्या पट्ट्यांवर येतात त्यांच्या मागे पुरेसा आधार आहे का, पाण्याखालच्या झडपांपर्यंत हात पोचतो का, हेही याच वेळी पाहायचे. प्रत्येक टप्प्याचा फोटो काढून ठेवला, तर तारा आणि नळ्या कुठून गेल्या ते पुढे भिंत न फोडता कळते.

कॅटामरानच्या, म्हणजे दोन कायांच्या बोटीच्या, बाबतीत पाहणीचा रोख बदलतो.  शिडाच्या बोटीला वाऱ्याचा आडवा जोर पेलावा लागतो. ‘म्हादेई’सारखी एका कायेची बोट तळाशी जड कील, म्हणजे कोकणातला पठाण, लावून तोल राखते आणि पुरती कलली तरी त्या वजनामुळे सरळ होऊ शकते. कॅटामरान तोल राखते ते दोन कायांमधल्या रुंदीवर. ती कमी कलते, आत मोकळी जागा देते आणि वजन कमी असल्याने वेगाने धावते. पण एकदा उलटली की आपोआप सुलटी होत नाही. दोन्ही काया वेगवेगळ्या लाटांवर चढतात, तेव्हा मधले जोडतुळे पिळवटतात. डोलकाठीही सहसा त्यांच्या मध्यावर उभी असते. म्हणून यार्डात गेल्यावर आधी हे तुळे कायांना जिथे मिळतात ते सांधे पाहावेत. दुसरी गोष्ट वजनाची. जास्तीच्या सामानाने ती खोल बसली, की मधल्या तळाखालची मोकळी जागा घटते आणि लाटा त्या तळावर आदळू लागतात. मालकाने बांधणीच्या मध्यात सुचवलेली प्रत्येक सोय इथे वजनाच्या तराजूत घालावी लागते. ‘सुहेली’ची फेरी ज्या शर्यतीचा भाग होती, तिच्यातच नायजेल टेटलीची तीन कायांची ‘व्हिक्ट्रेस’ मे 1969 मध्ये अझोर्सजवळ मोडून बुडाली.

काया पुरी झाली की कील, सुकाणू, इंजिन, तारा, डोलकाठी ही कामे येतात. पाण्यात उतरल्यावर गळती, इंजिन, सुकाणू आणि शेवटी वाढत्या वाऱ्यात शिडे अशा क्रमाने चाचण्या होतात. ‘म्हादेई’ फेब्रुवारी 2009 मध्ये नौदलात आली. 19 ऑगस्टला दोंदे मुंबईहून निघाले आणि फ्रीमँटल, लिटल्टन, पोर्ट स्टॅनली, केपटाउन अशा चार थांब्यांनंतर मे 2010 मध्ये परतले. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. त्याच बोटीतून अभिलाष टॉमी यांनी 2012-13 मध्ये न थांबता फेरी पूर्ण केली. पुढे त्याच आराखड्यावर, त्याच यार्डात ‘तारिणी’ बांधली गेली. ती 18 फेब्रुवारी 2017 रोजी नौदलात दाखल झाली आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा महिला अधिकाऱ्यांना घेऊन पृथ्वीप्रदक्षिणेला निघाली.