जुन्या एंजिनांतील केसभर जागा

जुनी मोटारसायकल घरीं आणून तिचें एंजिन स्वतःच्या हातांनीं पुन्हां जुळवावें, ही हौस अलीकडे कित्येक तरुणांत दिसते. अशा हौशी मनुष्याची प्रथम समजूत अशी असते कीं, प्रत्येक भाग जितका घट्ट बसेल तितकें काम चोख! ही समजूत किती घातक आहे, तें दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकन सैन्याकरितां तयार झालेल्या हार्ले-डेव्हिडसन 'डब्ल्यू. एल. ए.' या गाडीच्या उदाहरणावरून कळून येईल.

या गाडीचें एंजिन ४५ घन इंची, म्हणजे सुमारें ७४० घन सेंटिमीटरचें असून त्यांतील चार व्हॉल्व्हांकरितां चार स्वतंत्र कॅम आहेत. प्रत्येक कॅमचा दांडा एका टोंकास एंजिनच्या पेटींत व दुसऱ्या टोंकास बाजूच्या झांकणांत बसविलेल्या बुशांमध्यें फिरतो. पेटी व झांकण यांच्या दरम्यान त्यास लांबीच्या दिशेनें किंचित् सरकावयास जी जागा असते, तिला कारागीर 'एंड प्ले' म्हणतात.

ही जागा मुळींच न ठेवल्यास बाजू एकमेकींवर घासतात, मधला तेलाचा पापुद्रा टिकत नाहीं, धातु तापतो आणि गिअर जाम होतो. उलट ती फार झाल्यास गिअर मागें-पुढें आपटतो व आवाज वाढतो. योग्य माप इंचाच्या अवघ्या कांहीं सहस्रांशांइतकें असतें. इंचाचा एक सहस्रांश म्हणजे मिलिमीटरचा सुमारें चाळिसावा भाग. मनुष्याचा केसही बहुधा याहून जाडच असतो. नेमका आंकडा मात्र त्या त्या एंजिनच्या दुरुस्ती-पुस्तकांतूनच घ्यावा.

मोजण्यापूर्वीं जुन्या गॅस्केटचे तुकडे खरवडून काढावे. शेवटीं जें गॅस्केट बसवावयाचें, त्याच जाडीचें आतां घालावें, एका वेळीं एकच कॅम आंत ठेवावा आणि झांकणाचे सर्व स्क्रू आवळावे. गॅस्केटावांचून घेतलेलें माप फसवें ठरतें, कारण त्याची जाडी त्या फटींतच मिळते. नंतर टॅपेटांच्या रिकाम्या भोंकांतून कॅम एका बाजूस सारून दुसऱ्या बाजूच्या फटींत फीलर गेजची पाती घालून पाहावी. समजा, फट ११ सहस्रांश भरली व हवी ४. तर वॉशर ७ सहस्रांशांनीं अधिक जाड घालावा. फट कमी भरल्यास पातळ वॉशर घालावा. आणि बदल केल्यावर पुन्हां मोजावें.

एंजिन तापल्यावर ही फट बुजेल, अशी शंका कोणी घेईल. परंतु पेटी ॲल्युमिनियमची व दांडा पोलादी. आणि सारख्याच उष्णतेनें ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतें. पन्नास मिलिमीटर रुंदीवर तापमान ८० अंश सेल्सिअसनें वाढलें, तर फट सुमारें ०.०४ मिलिमीटरनें, म्हणजे दीड सहस्रांशाहून अधिकच, वाढते. म्हणून थंड असतां 'थोडी जास्त असूं द्यावी' हा अंदाज येथें उपयोगाचा नाहीं.

या कामांत एखादी संध्याकाळ केवळ वॉशर बदलण्यांत गेली, तर घरांतील वडीलधाऱ्यांनीं हंसूं नये. झांकण एकदां बंद झाल्यावर आंतील चूक दिसत नाहीं. ती ऐकूं येते, आणि तीही घरापासून दूर, भर रस्त्यांत!