हवेला चव असते काय?



‘हवा खायला जाणे’ हा वाक्प्रयोग आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की त्यातील क्रियापदाचे आश्चर्य आता कोणाला वाटत नाही. श्वासावाटे घ्यायची वस्तू मराठीने खाण्याच्या पंक्तीत आणून बसवली. आजाऱ्याला आपण हवापालट सुचवतो. एखादे गाव सोसले नाही, तर तिथली हवा मानवली नाही असे म्हणतो. मग जी खायची तिची चव कोणती, हा प्रश्न भाषेच्या अभ्यासकाला पडावा हे स्वाभाविक आहे.

याचे एक उत्तर आपल्या न्यायशास्त्रात आहे. सतराव्या शतकातील अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त वायूला रूप नाही, रस नाही आणि गंधही नाही, त्याला केवळ स्पर्श आहे, आणि तोही ना उष्ण, ना शीत. रस पृथ्वीचा आणि जलाचा, गंध एकट्या पृथ्वीचा, शीतलता जलाची. वारा सुगंधी वाटतो तो पृथ्वीचे कण वाहून आणतो म्हणून, आणि गार वाटतो तो पाण्याच्या संगतीने. थोडक्यात, वारा हा धनी नव्हे, हमाल आहे.

आधुनिक विज्ञानाची परिभाषा निराळी असली, तरी या प्रश्नापुरते ते फार दूर जात नाही. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू अशा मोजक्याच चवी कळतात. बाकीचा स्वाद घशामागून नाकात पोहोचणाऱ्या गंधाचा असतो. म्हणूनच सर्दी झाली की जेवण बेचव लागते. पहिल्या पावसाच्या मृद्गंधाचे विवेचन बेअर आणि थॉमस या शास्त्रज्ञांनी 1964 साली केले. त्या गंधातील एक मुख्य द्रव्य, जिओस्मिन, मातीतील सूक्ष्म जीव निर्माण करतात. ते अत्यल्प प्रमाणात असले तरी माणसाचे नाक ते ओळखते. ताजेपणाचा उरलेला अंश थंडाव्याचा. नाकातोंडातील थंडी ओळखणाऱ्या चेतातंतूंना गार हवेचा स्पर्श झाला, की श्वास मोकळा झाल्यासारखा वाटतो. पेपरमिंटचे सत्त्व याच तंतूंना फसवते.

आता हे सिल्वाशाच्या भूमीवर पडताळून पाहू. दमणगंगेवरून येणारा पहाटेचा गारवा जलाचा. चैत्राच्या सुमारास मोहाच्या फुलांचा मादक दरवळ आणि आषाढात भिजलेल्या सागवनाचा वास पृथ्वीचा. या प्रदेशाच्या हवेची चव म्हणजे इथल्या नदीची आणि रानाची चव. नदी मळली, रान विरळ झाले, तर हवेजवळ स्वतःचे असे देण्यासारखे काही उरत नाही. करसवलतींच्या काळात इथे प्लास्टिकचे आणि कृत्रिम धाग्याचे कारखाने उभे राहिले. त्यांनी रोजगार दिला, हे नाकारता येणार नाही. परंतु 2009 साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातील औद्योगिक क्षेत्रांची प्रदूषणाच्या तीव्रतेनुसार यादी केली, तेव्हा शेजारच्या वापीचा क्रमांक अंकलेश्वरच्या खालोखाल दुसरा होता. वारा गावाची शीव पाहून वाहत नाही.

इथे नाकाचा एक दुबळेपणा ध्यानात घ्यावा लागतो. कोणताही वास सतत येत राहिला, तर काही मिनिटांतच नाक त्याची दखल घेणे सोडते. सुगंधाचे जसे, तसेच दुर्गंधाचेही. शिवाय कार्बन मोनॉक्साइडसारख्या घातक वायूला वासच नसतो. त्यामुळे नाकाच्या साक्षीला मोजमापाच्या यंत्राची जोड हवीच. तरीही ती साक्ष टाकाऊ नाही. कुबट, कोंदट, उग्र, करपट, खमंग असे बारीक भेद मराठीने जपले ते नाकाच्या बळावरच. ज्याला शब्द नाही, त्याची तक्रारही करता येत नाही.

2 ऑगस्ट 1954 रोजी सिल्वासा पोर्तुगीज सत्तेतून मुक्त झाले. अशा मुक्तीला आपली भाषा ‘मोकळा श्वास’ म्हणते. तो श्वास शब्दशः मोकळा राहावा, ही जबाबदारी पुढच्या पिढ्यांची आहे. माजी विद्यार्थ्यांना म्हणून एक विनंती आहे. इथे राहणाऱ्यांचे नाक सरावलेले असते; बाहेरगावाहून परतणाऱ्याचे ताजे असते. गावात उतरताच पहिल्या श्वासाला जे जाणवेल, ते सरावाने पुसले जाण्यापूर्वी, योग्य शब्दांत इथल्या माणसांना सांगा.