ड्रिनाकाठचे विशेग्राद

इव्हो आंद्रिच यांची 'ड्रिना नदीवरील पूल' (१९४५) ही कादंबरी वर्गात शिकवताना विद्यार्थी हमखास विचारतात, "सर, यातला नायक कोण?" नायक माणूस नाहीच, नायक आहे पूल! बोस्नियातल्या विशेग्राद या लहानशा गावातला. वडील वारल्यावर आंद्रिच इथेच आत्याकडे वाढले. १९६१ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले आणि गावाचे नाव जगभर झाले.

पूल बांधवून घेतला मेहमेद पाशा सोकोलोविच याने. हा याच पंचक्रोशीतल्या ख्रिस्ती घरातला मुलगा. ऑटोमन राजवटीत अशी मुले कररूपाने नेत, त्यांना मुसलमान करीत. त्यातूनच हा पुढे साम्राज्याचा मुख्य वजीर झाला. त्या काळचा थोर वास्तुशिल्पी सिनान याच्याकडून त्याने अकरा कमानींचा हा पूल उभारला. काम पुरे झाले १५७७च्या सुमारास. लांबी सुमारे १८० मीटर. मधोमध पूल रुंद होतो, तिथे बसायला दगडी बैठक आहे. तिला 'कापिया' म्हणतात. कॉफी, गप्पा, वाद, सगळे तिथेच. आपल्याकडचा पारच म्हणा ना! मुसलमान, ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती आणि ज्यू अशी संमिश्र वस्ती.

दोन्ही महायुद्धांत पुलाच्या कमानी उडाल्या, पुन्हा बांधल्या गेल्या. २००७ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारशाच्या यादीत घेतले. दगड सावरता आला. माणसांचे तसे झाले नाही. १९९१च्या जनगणनेत या तालुक्यात सुमारे ६३ टक्के लोक बोस्नियन मुसलमान होते. १९९२ साली सर्ब सशस्त्र टोळ्यांनी त्यांना याच पुलावर आणून मारले, प्रेते ड्रिनेत टाकली. जूनमध्ये बायकामुलांना दोन घरांत कोंडून ती घरे पेटवण्यात आली. त्याबद्दल हेगच्या न्यायालयाने २००९ साली मिलान लुकिच याला जन्मठेप दिली. २०१० साली धरणाच्या दुरुस्तीसाठी नदीखालच्या पेरुचाच तलावाचे पाणी उतरवले, तेव्हा तळात सांगाडे सापडले. २०१३च्या जनगणनेत मुसलमान उरले होते जेमतेम दहा टक्के.

आता गावात आंद्रिच यांच्या नावाने चित्रपट दिग्दर्शक कुस्तुरिका यांनी वसवलेली दगडी नगरी आहे, २०१४ साली उघडलेली. पर्यटक तिथे फोटो काढतात. त्याच वर्षी मुसलमान दफनभूमीतल्या स्मारकावरचा 'वंशसंहार' हा शब्द प्रशासनाने यंत्राने घासून काढला. तिथल्या बायकांनी तो लिपस्टिकने पुन्हा लिहिला.